सराव पेपरातले उंदीर

क्लासच्या सरांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर एक लाल रेघ होती. वर जायची, धाडकन खाली यायची, पुन्हा वर.

"ये देखिए, भाभीजी. बच्ची में टैलेंट है, पर सीरियस नहीं है."

माझी मुलगी शेजारच्याच खुर्चीत होती. तिने मान खाली घातली. आणि मी काय म्हणाले? "जी, सर." याच सरांनी तिचे दहावीचे मार्क बघून फीमध्ये सवलत दिली होती, आम्ही न मागता. नववीत शाळा सुटलेली, लग्न होऊन सोलापूरकडून दिल्लीत आलेली बाई मी. अशा माणसासमोर माझं तोंड उघडत नाही. ते उपकार मी आजही मानते. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मेट्रोत मी ते 'सीरियस नहीं है' मनात घोळवत होते.

ती रेघ मराठीच्या सराव परीक्षांची होती. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत एक भाषा निवडावी लागते. फॉर्म भरताना ह्यांनी ठरवून टाकलं, "मराठी घे. घरची भाषा, बसल्या जागी मार्क." इथली बरीच मराठी घरं असंच करतात. मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात, घरी आमच्याशी मोडकं का होईना मराठी बोलतात, तेवढ्यावर भरवसा. मला तर आतून आनंदच झाला. पाचवीनंतर तिच्या कुठल्या अभ्यासाला माझा उपयोग नव्हता. आता एक विषय असा आला होता की तिने मला काही विचारावं.

पण मार्कांना काही धरबंध नव्हता. एका रविवारी जवळजवळ पैकीच्या पैकी, पुढच्या रविवारी निम्मेही नाहीत. पालकांच्या ग्रुपवर मार्क यायचे. हे ऑफिसातून येताना वाचायचे आणि दारात बूट काढता काढता विचारायचे, "काय, झालं का आज पानिपत?" खरं पानिपत म्हणजे आमच्यासाठी चादरी स्वस्त मिळतात ते गाव, बसने जाऊन यावं इतकं जवळ. तिला ते हसण्यावारी नेता आलं असतं. तिने नेलं नाही. आम्ही तिचा मोबाइल काढून घेतला. पेपरच्या सकाळी सुस्ती नको म्हणून मी पराठे बंद केले. मार्क खालीवर व्हायचे ते झालेच.

सरांचं म्हणणं होतं, मराठी काढा, हिंदी टाका. फॉर्ममध्ये दुरुस्तीची मुदत अजून आहे. तिला हवं होतं ते कॉलेज एकेका मार्कावर अडतं. चुकून चालणार नव्हतं.

घरी आल्यावर मी तिचे पेपर मागितले. तोवर आम्ही नुसते मार्क बघत होतो. चांगल्या मार्कांचा एक पेपर उघडला तर प्रश्न होता: 'त्याच्या पोटात उंदीर उड्या मारत होते' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगा.

मी हसले. मग बिचकले. छापलेला पेपर चुकलाय असं मी कोण म्हणणार?

"अहो, पोटात कावळे ओरडतात ना? उंदीर कुठून आले?"

"विदर्भात म्हणत असतील," हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"बाबा, यार, ते हिंदी आहे," मुलगी म्हणाली. "पेट में चूहे. हिंदीचा पेपर उचलून मशीनमधून मराठी केलाय. मी मनात परत हिंदी करते आणि टिक करते. असे पेपर मला बिल्कुल सोपे जातात."

"आणि कमी मार्कांचे?"

तिने दुसरा पेपर पुढे केला. तो कुठल्याशा मराठी शाळेच्या पुस्तकातून घेतलेला होता. उताऱ्यात खळं होतं, मळणी होती, धान्याला वारं देणारी बाई होती. "मला वाटलं ती पंखा लावतेय," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली.

माझं मात्र डोकं फिरलं. क्लासमध्ये मराठी शिकवणारं कुणी नाही. ज्या रविवारी जे हाताला लागेल ते छापायचं. एकदा तिची हिंदी तपासली, एकदा मराठी, दोन्हींचे आकडे एका रेघेत ओवले, आणि खालीवर होते ती म्हणे माझी मुलगी! आणखी एक गोष्ट मला झोंबली. ज्या मार्कांवर मी बहिणीला फोन करून मिरवत होते, ते मराठीचे नव्हतेच.

धीर करून सरांना फोन केला. "सर, पेपर तो हर बार अलग टाइप का है."

"भाभीजी, एक्झाम में कुछ भी आ सकता है. अच्छा बच्चा हर पेपर में स्कोर करता है."

"जी, सर."

मग आम्ही घरीच बसलो. ह्यांनी खऱ्या परीक्षेचे जुने पेपर मिळवले, मराठीचे आणि हिंदीचेही. तेच टेबल, तीच सकाळची वेळ, पोटात पराठा. मार्क तरीही थोडे हललेच. एखादा उतारा जमून जातो, एखाद्या दिवशी डोकं चालत नाही, शेवटी घाईत मारलेले अंदाज कधी लागतात, कधी नाही. माणूस म्हटल्यावर तेवढं होणारच. पण हिंदी दर वेळी वर राहिली, चांगलीच वर. मराठी एकदा तरी पुढे जावी म्हणून मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून बसायचे. नाही गेली.

मुदत संपायच्या दिवशी तिने फॉर्म उघडला. "आई, तू सांग."

"हिंदी कर."

"रागावलीस?"

"तुझ्यावर नाही गं."

बदल क्लासला कळवला, तसा दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "देखा भाभीजी, मैंने तो पहले ही बोला था."

बोलले होते, खरंय. पण तिचा हिंदीचा एकही पेपर त्यांनी घेतला नव्हता. बघितली होती ती फक्त रेघ. आणि 'सीरियस नहीं है' हे शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत. घ्यायचे असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. बाकीच्या विषयांचा क्लास अजून त्यांच्याकडेच होता, सवलतीसकट.

"थैंक्यू, सर," मी म्हणाले.

मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती. "आई, थँक्यू कशाबद्दल?"

"जा," मी म्हणाले, "क्लासला उशीर होईल."