भव्याचं अनुमान

गिरीराज मोहित्यांनी कानाशी वाजवल्याशिवाय नारळ घेतला नाही. त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण लग्नाच्या खरेदीला बेंगळुरातल्या चिकपेटात जाऊन, शालूचा दोरा उपसून, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत त्याला काडी लावून रेशमाचा वास येतो का ते हुंगणारा नवरदेव तुम्ही कुठे पाहिलाय? धनलक्ष्मीबाईंनी पाहिला, आणि तरीही त्याच्याच गळ्यात माळ घातली. बाईंच्या धीराला मानलं पाहिजे.

नोकरीही देवानं शोधून दिल्यासारखी मिळाली. सरकारी कारखान्यात इन्स्पेक्टर. बाहेरचे लोक सुटे भाग बनवून आणायचे आणि गिरीराजांनी ते मापून पास करायचे, नाहीतर परत पाठवायचे. म्हणजे संशय घ्यायचा आणि वर त्याचाच पगार घ्यायचा. निवृत्त झाले, बसवनगुडीतल्या घरी बसले, पण दुधाच्या पिशवीपासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत कशावरही त्यांचा भरवसा बसेना.

"तुमचं अनुमान तुमच्याबरोबरच जाणार," धनलक्ष्मीबाई म्हणायच्या.

मोहित्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात बेंगळुरात आलेलं. इतक्या पिढ्या कानडीच्या शेजारात काढल्यावर मराठीत ती मुरणारच. कानडीत अनुमान म्हणजे संशय, म्हणून मोहित्यांच्या घरातही अनुमान म्हणजे संशयच. दुसरा काही अर्थ असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अशा माणसाच्या पोटी भव्या जन्मली. विद्यापीठात इंजिनिअरिंगचं संशोधन करता करता तिनं जमिनीखालच्या पाइपातली गळती ऐकणारं यंत्र बनवलं. पाइपाला दोन टोकांना दोन चकत्या चिकटवायच्या, पाणी झिरपल्याचा आवाज त्या टिपतात, आणि नेमकं कुठे खणायचं ते लॅपटॉप सांगतो. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात ही काही लहान गोष्ट नव्हे. गिरीराजांना अभिमान वाटायचा. तो त्यांनी तिला कधी बोलून दाखवला नाही, हा त्यांचा आणखी एक गुण.

पण पोरीनं सरकारी संस्थेतली पक्की नोकरी नाकारली आणि मॅडमबरोबर कंपनी काढायची ठरवली, तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली.

"पेटंट कुणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं.

"विद्यापीठाच्या, अप्पा. ते आमच्या कंपनीला वापरायला देणार. तसंच असतं सगळीकडे."

"आणि कंपनी कुणाची?"

"मॅडमची नि माझी. आधी विद्यापीठाच्या इनक्युबेशन सेंटरमध्ये जागा मिळेल, नव्या कंपन्यांना देतात तशी."

"इनक्युबेटर कोंबड्यांचा असतो," गिरीराज म्हणाले. "अंडं तुझं, ऊब विद्यापीठाची, आणि पिल्लू मॅडम घेऊन जाणार. बघ तू."

या मॅडम म्हणजे देवश्री, भव्याच्या संशोधनाच्या मार्गदर्शक. पुण्याच्या. दहा शब्दांत सात इंग्रजी बोलायच्या, पण महाराष्ट्र मंडळात विज्ञानावर भाषणं द्यायला लागल्यापासून त्यांना शुद्ध मराठी शब्दांचं वेड लागलं होतं. सेन्सरला संवेदक म्हणायच्या. भेटल्या की "काका, कसे आहात" असं इतकं गोड विचारायच्या, की गिरीराजांना तिथेच शंका यायची. एवढं गोड बोलणारा माणूस कारखान्यात त्यांच्या तपासणीच्या खिडकीवर आला, की त्याचा माल हमखास खोटा निघायचा.

त्यातच एक गोष्ट घडली. शहरातल्या दुसऱ्या एका कंपनीनं अगदी असलंच यंत्र बाजारात आणल्याची बातमी आली. लॅबमधून कुणीतरी माहिती फोडली अशी कुजबूज सुरू झाली. भव्या म्हणाली, त्यांची रीतच वेगळी आहे, आपल्याला काही धोका नाही. पण गिरीराजांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

एके दुपारी भव्या डबा विसरून गेली म्हणून गिरीराज तो घेऊन विद्यापीठात गेले. कॉरिडॉरमध्ये देवश्री मॅडम पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. पलीकडे विद्यापीठाच्या समितीवरच्या सुलभाताई असाव्यात.

"नाही हो सुलभाताई," मॅडम म्हणत होत्या, "अनुमान सगळं भव्याचंच आहे. माझा त्यात काही संबंध नाही. मला तसं समितीला लेखीच द्यायचंय. उगाच उद्या माझं नाव नको त्यात."

अनुमान सगळं भव्याचं. म्हणजे माहिती फोडल्याचा आळ पोरीवर. आणि ही बाई ते समितीला लेखी देणार, स्वतः नामानिराळी राहणार, आणि कंपनी आयती गिळणार. गिरीराजांचा इतका संताप झाला, की डबा शिपायाच्या टेबलावर ठेवून ते तसेच बाहेर पडले.

भांडण करायचा त्यांचा पिंड नव्हता. माल खोटा असला तर तो अडवायचा, हा त्यांचा धर्म. कुठे अडवायचा तेही त्यांना ठाऊक होतं. शहराबाहेर होसकोट्यात नागनाथचा प्लेटिंगचा कारखाना होता. पाणी टँकरनं विकत घ्यायचा, आणि त्यातलं निम्मं कुठे जमिनीत जिरतं ते त्याला कळत नव्हतं. यंत्राची पहिली चाचणी तिथेच ठरली होती, गिरीराजांच्याच ओळखीनं. ती पार पडली तरच सेंटर जागा देणार होतं. एके काळी हाच नागनाथ गिरीराजांच्या खिडकीवर माल घेऊन यायचा आणि अर्धा परत न्यायचा.

गिरीराज थेट होसकोट्याला गेले. "नागनाथ, त्या चाचणीचं स्वल्प थांब," ते म्हणाले. "त्या मॅडमचं मला अनुमान आहे."

नागनाथला तेवढं पुरे होतं. ज्या माणसानं त्याला केसभर चूक माफ केली नव्हती, त्याचं अनुमान म्हणजे पोलिसाच्या पंचनाम्याहून पक्कं. त्यानं त्याच संध्याकाळी भव्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

भव्या घरी आली ती ताटावर नुसतीच बसून राहिली. धनलक्ष्मीबाईंनी दोनदा वाढायला विचारलं. ती म्हणाली, "नोकरीही गेली आणि कंपनीही. आता दुसरा कारखाना शोधेपर्यंत सेंटर थांबणार नाही."

"सुटलीस म्हण," गिरीराज म्हणाले. त्यांना खरंच आपण लेकीला विहिरीच्या काठावरून ओढून घेतल्यासारखं वाटत होतं. "नागनाथला मीच सांगितलं. ती बाई तुझ्यावर आळ घेत्येय. माझ्या कानांनी ऐकलं मी. अनुमान सगळं भव्याचं, म्हणाली."

भव्यानं मान वर केली. "आणखी काय म्हणाल्या? जसंच्या तसं सांगा, अप्पा."

त्यांनी सांगितलं. भव्यानं डोळे मिटून घेतले.

"अप्पा, पुण्याच्या मराठीत अनुमान म्हणजे संशय नव्हे. थोड्याशा खुणांवरून न दिसणारं ओळखणं. आवाजावरून गळतीची जागा ओळखायची माझी जी रीत आहे ना, तिला मॅडम अनुमान म्हणतात. मलाही आधी कळलं नव्हतं, मी घाबरून त्यांना विचारलं होतं. त्या समितीला सांगत होत्या, की ही रीत एकट्या भव्यानं शोधली, पेटंटवर शोध लावणारी म्हणून तिचंच नाव घाला. कुठली मॅडम असं करते? तुम्ही कुणाला अडवलंत कळतंय का तुम्हाला?"

गिरीराजांनी हातातला घास ताटात ठेवला. धनलक्ष्मीबाई उठून भांडी आवरायला लागल्या. एरवी त्यांनी नवऱ्याला फाडून खाल्लं असतं, आणि ते बरं झालं असतं.

सकाळी गिरीराज आपणहून लेकीबरोबर होसकोट्याला गेले. "माझं चुकलं, नागनाथ," ते गेटावरच म्हणाले. जन्मात हे वाक्य ते पहिल्यांदा बोलत होते, आणि ते नीट बाहेर पडेना. "पोरीला बघू दे."

नागनाथनं बघू दिलं. भव्यानं चकत्या चिकटवल्या, बराच वेळ लॅपटॉपशी खटपट केली आणि उठून गेटासमोर खडूनं फुली मारली. ती पडली नेमकी आयुधपूजेसाठी नव्यानं बसवलेल्या फरशीवर. नागनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अण्णा, काल म्हणालास थांब, आज म्हणतोस खण," तो म्हणाला. "मी तुझंच ऐकणार. एवढं सांग, तुला अनुमान नाही ना?"

"नाही," गिरीराज म्हणाले. "खण."

फरशी उचकटली. गडी खणायला लागले. लाल माती निघाली, कोरडी. आणखी खणलं, तीही कोरडीच. खड्डा गुडघाभर झाला. नागनाथनं हाताची घडी घातली. गिरीराजांनी मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, आणि ते चुरता चुरता त्यांची नजर वर गेली. भव्याकडे. खिडकीतून माल परत ढकलायच्या आधी ते ज्या नजरेनं समोरच्याकडे बघायचे, तीच ती नजर. क्षणभरच. पण भव्या त्यांच्याचकडे बघत होती.

मग पहारीखालची माती काळी निघाली, आणि तिच्यातून पाणी पाझरायला लागलं. नागनाथ खड्ड्यात उतरला आणि ओल्या मातीला हात लावून म्हणाला, "सरी. बरोबर आहे." मग त्यानं सगळ्यांना कॉफी मागवली, भव्याच्या पाठीवर थाप मारली, उद्यापासून सगळा कारखाना तपास म्हणाला. कंपनी होणार हे तिथेच ठरलं.

परतीच्या बसमध्ये गिरीराज खुशीत होते. सुटल्यासारखे बोलत होते. जायच्या वाटेवर मॅडमसाठी मिठाई घेऊ म्हणाले. भव्या खिडकीबाहेर बघत हं हं करत होती.

"मॅडमना यातलं काही सांगितलेलं नाही मी," ती थोड्या वेळानं म्हणाली. "सांगणारही नाही."

"बरं केलंस."

"अप्पा, एक विचारू? माती कोरडी निघाली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ते कुठलं अनुमान? पुण्याचं की आपलं?"

लेकीशी खोटं बोलायची सोय नव्हती, ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. गिरीराजांनी हातातलं तिकीट उलटंसुलटं केलं.

"आपलं," ते म्हणाले.

भव्यानं मान हलवली आणि लॅपटॉपची पिशवी मांडीवर जवळ ओढून घेतली.