बारावा सामना

इब्राहिमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच रिपोर्ट टाइप करत होते. त्यांचा पुतण्या साजिद एवढंच म्हणाला, "ताई, चाचा गेले..." समोर स्क्रीनवर अर्धं वाक्य होतं. मी ते पुरं केलं आणि मगच रडले. याला सात आठवडे होऊन गेले.

पुण्याहून कुवेतला आले त्या वर्षी जुनी गाडी घ्यायची होती. कुणीतरी शुवैखच्या एका गॅरेजचं नाव सांगितलं. तिथले इब्राहिमभाई, रत्नागिरीकडचे साठीतले गृहस्थ, विकत घेण्याआधी गाडी तपासून देत. मला आवडलेली पांढरीशुभ्र गाडी त्यांनी डोळे मिटून नुसती ऐकली आणि म्हणाले, "पॉलिश झकास हाय. घेव नको." राग आला होता. पुढे कळलं, ते फिंतासला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांना दुसरंही एक वेड आहे... अमेरिकन फुटबॉल. गॅरेजात येणाऱ्या अमेरिकन गिऱ्हाइकांनी ते लावलेलं. अमेरिकेत दर वर्षी व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं आळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यातही सगळ्यांचा डोळा क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू हातात घेऊन कुणाकडे फेकायचा हे ठरवणाऱ्या गड्यावर. इब्राहिमभाई अशा पोरांना गाडीसारखं तपासत. ते बोलत, मी इंग्रजीत लिहून काढत असे, आणि तिकडची एक छोटी वेबसाइट त्यातलं थोडंफार छापायची, बिननावाचं.

शुक्रवारी नमाजाहून आले की आमच्या टीव्हीपुढे सामन्याचं रेकॉर्डिंग लागायचं. हातात ब्रेक पॅडच्या खोक्याचा पुठ्ठा. पोराच्या हातातून चेंडू सुटला रे सुटला की पुठ्ठा पडद्यापुढे! मी वैतागायचे. ते म्हणत, "अगो, चेंडू खय पडलो ता बघलंस की माणूस फसता. पाय बघ. मार बसणार हे दिसत असताना पाय पुढं पडतो की मागं, तेवढंच खरं."

ऑपरेशन झालेल्या पोराचे नंतरचे सगळे सामने बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. तो एका चुकीतून आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका पोराला त्यांनी पूर्वी 'अॅक्सिडेंटची गाडी' म्हणून मोडीत काढलं होतं, ऑपरेशननंतरचा एकही सामना न बघता. तो पुढे चांगला नावारूपाला आला. त्याचा फोटो त्यांनी गॅरेजच्या कपाटाला आतून चिकटवला होता. पाना काढताना रोज दिसायचा.

यंदाचा पोरगा खांद्याचं ऑपरेशन झालेला, आणि या वेळी वेबसाइट संपूर्ण रिपोर्ट त्यांच्या नावाने छापणार होती. पहिल्यांदाच! त्याचे ऑपरेशननंतरचे बारा सामने बघायचे होते. अकरा झाले आणि हृदयाने दगा दिला. हॉस्पिटलात मी म्हटलं, "अकरा खूप झाले, पाठवून देते." नळ्या लावलेल्या अवस्थेत चिडले. "टेस्ट ड्राइव्ह अर्धी सोडून मी कधी गाडी पास केली? बारावा बघितल्याशिवाय माझा नाव नको." चौथ्या दिवशी ते गेले.

वेबसाइटवाल्यांनी कळवलं, अकरावरच छापतो, कुणाला कळणार आहे? मी नाही म्हटलं. ज्या खेळाचा मला मनापासून कंटाळा होता, त्याचा बारावा सामना मी एकटीने बघितला, पुठ्ठा हातात धरून. तिसऱ्या सत्रात पोराच्या त्याच खांद्यावर दणका बसला. उठला. पुढच्याच चालीला पुन्हा दोघे अंगावर धावून आले... आणि त्याचा डावा पाय सरळ पुढे पडला. चेंडू सुटला. मी पुठ्ठा वर केला, आणि मला हुंदका आवरेना. शेवटी लिहिलं: घ्यावा. अकरा सामने इब्राहिमभाईंनी पाहिले, बारावा मी. ती ओळ काढणार असाल तर छापू नका, असंही कळवलं. छापून आलं, ओळीसकट.

पुठ्ठा अजून टीव्हीपाशीच आहे. परवा माझ्या मुलाने त्याच चालीचं रेकॉर्डिंग लावलं. इथेच वाढलेला तो, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो. "आई, यू नेव्हर सॉ द कॅच? ही थ्रू इट राइट टू..."

मी पुठ्ठा उचलून त्याच्या तोंडापुढे धरला.

"ते राहू दे. त्याचा पाय बघितलास?"