शेवटच्या चौकटीवरचा हात

यांना झटका आला तेव्हा मी घाबरले नव्हते. अ‍ॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल, सह्या. घाबरायला सवड कुठे होती? खरी भीती घरी आणल्यावर सुरू झाली. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. हे माझ्याकडे बघत असायचे, पण त्या नजरेमागे हे आहेत की नाहीत तेच कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समज किती उरलीय ते हळूहळू दिसेल. चहा पुढे करतानासुद्धा मी यांच्या डोळ्यांत ओळख शोधायचे.

आमच्या बेसमेंटमध्ये एका बेल्जियन चित्रकाराची जुनी फ्रेंच कॉमिक्स आहेत. मॉन्ट्रियलला नवीन आलो तेव्हा यांनी ती फ्रेंच शिकायला म्हणून आणली आणि शिकले काय, तर फ्रेंच कमी, हसणंच जास्त! तो चित्रकार कधीच गेला, पण आमच्याकडे घरचाच होऊन राहिला. एका पानात एक फजिती, तीही बिनशब्दांची. कुणी वेंधळा शिडी घेऊन निघतो आणि शेवटच्या चौकटीत सगळं कोसळतं. ती चौकट हे कुणाला सरळ बघू द्यायचे नाहीत. तळहाताने झाकायचे आणि विचारायचे, "सांग, आता काय होणार?" उत्तर दिल्याशिवाय हात निघायचा नाही. पानावर डाग पडतात म्हणून मी करवादायचे.

तेच पुस्तक मी वर आणलं. लेक म्हणाली, "आई, डोन्ट टेस्ट हिम, प्लीज. बाबांना नाहीच कळलं तर?"

तेच तर! नाही कळलं, तर शेजारी बसलेला माझा माणूस गेलाय हे मला कळणार होतं. पुस्तक कित्येक दिवस टेबलावर तसंच पडून राहिलं. मी त्याच्यावरची धूळ तेवढी पुसायचे.

शेवटी एका दुपारी मन घट्ट करून शिडीचं पान यांच्यापुढे धरलं. हे बघत राहिले. हसले नाहीत. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आता मिटावं म्हणून मी पुस्तक ओढलं, तोच यांचा डावा हात उचलला गेला. हळूहळू पानावर आला, खाली सरकला आणि शेवटच्या चौकटीवर पालथा पडला.

मग यांनी माझ्याकडे बघितलं. ते पान मला तोंडपाठ होतं, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि हे काही हात काढायला तयार नव्हते.