प्रिस्काचं ‘म्हणे’

ऑक्टोबर सरत आला तरी इकडच्या पहिल्या पावसाचा पत्ता नव्हता. पहाटे सुक्रे शहराच्या टेकड्यांवरून कोरडा, गार वारा सुटायचा आणि धूळ घेऊन बाजाराच्या पत्र्यांखाली शिरायचा. प्रिस्का विल्का पातेल्याला पाठीचा आडोसा करून आपी ढवळत होती. आपी म्हणजे जांभळ्या मक्याची दाट गोड पेज, दालचिनी-लवंग घातलेली. ढवळणं थांबलं की बुडाला धरते, आणि एकदा धरली की वरून कितीही साखर ओता, जळका वास जात नाही. म्हणून प्रिस्काचा उजवा हात सकाळभर कुणाचाच नसतो. पेले भरणं, सुटे देणं, नाक पुसणं सगळं डाव्या हातानं. खांदा दुखायचा थांबत नाही, म्हणून तिनं त्याच्याबद्दल बोलायचंच सोडून दिलंय.

शेजारी पाटावर तिची सासू कासिमिरा पिठाचे गोळे लाटून त्यात चीज भरत होती. तळल्यावर ते टम्म फुगतात. आपीबरोबर तेच खायचं.

“कासेरा, एक पेला दे गं. आणि एक वाईट बातमी ऐक,” असं म्हणत नोएलिया आली.

आमच्याकडे गिऱ्हाईक विकणारीला कासेरा म्हणतं आणि विकणारी गिऱ्हाइकाला. नोएलिया शाळकरी होती तेव्हापासून या दोघी एकमेकींच्या कासेरा. आता ती बाजारामागच्या शाळेत परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवते. नुसतं पुस्तक शिकून गावातलं बोलणं कुणाला कळत नाही, म्हणून तिनं नवीन काढलंय. गावातल्या माणसांनी आपली खरी गोष्ट आपल्या तोंडानं सांगायची, हिनं ती फोनवर भरून घ्यायची आणि त्या लोकांनी कानाला लावून शिकायचं. मागच्या महिन्यात प्रिस्कानं आपली सांगितली होती. नवरा फिदेन्सिओ खाली जंगलात, नदीतली वाळू चाळून सोनं काढायला गेला तो परत आला नाही, ती गोष्ट.

“वाईट बातम्या मी उधारीवर घेत नाही,” प्रिस्का म्हणाली. “काय झालं? हळू नव्हते का बोलले? गाय रवंथ करते तसं बोलले होते मी.”

“हळू होतं गं. पण तुझं ते शेवटचं वाक्य. ‘त्याला नदीनं नेलं, दीसे.’”

दीसे म्हणजे म्हणे. आमच्या डोंगरातली स्पॅनिश आजीच्या केचुआ भाषेच्या मांडीवर वाढली. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याच्या शेपटीला ‘दीसे’ लावल्याशिवाय आमचं तोंड मिटत नाही. पुस्तकात मात्र या शब्दाचा अर्थ ‘तो म्हणतो’ एवढाच.

“मग?”

“मग एक डॅनिश बाई आहेत, सत्तरीच्या, फार मन लावून शिकतात. मी प्रश्न दिला होता, ही हकीकत कुणी कळवली? त्यांनी लिहिलं, ‘बुडालेल्या नवऱ्यानं. तो म्हणतो की मला नदीनं नेलं.’”

पलीकडची रसवाली रुफिना संत्रं पिळता पिळता हसत सुटली. “अगं बाई! म्हणजे बुडाल्यावर तरी बोलतात का पुरुष? माझ्याला बुडवूनच आणते मग. जिवंतपणी तर ‘हूं’च्या पुढे जात नाही मेला.”

प्रिस्काही हसली. ढवळायचा डाव सुटला नाही हातातून. हसू मात्र लवकर संपलं.

“तो बोलला असता तर बरंच झालं असतं,” ती म्हणाली.

नोएलियानं पेला ठेवला. “तेवढं ‘म्हणे’ काढून पुन्हा सांगशील? नुसतं, नदीनं नेलं. माझी आजीही असंच बोलायची, मला कळतं. पण त्यांना अजून साधी वाक्यं जमत नाहीत. आणि खरी गोष्ट म्हणून ऐकतात ना ते.”

“खरी आहे म्हणून तर म्हणे आहे. मी होते का तिथं?”

“नव्हतीस.”

“गावातला एर्मोहेनेस त्याची टोपी घेऊन आला. तो तरी होता का? त्याला वाळू उपसायच्या यंत्रावरच्या स्वयंपाक्यानं सांगितलं. स्वयंपाक्याला कुणी सांगितलं ते देवाला ठाऊक.” ती थोडी थांबली. “बरं, लाव ते तुझं. गर्दी व्हायच्या आत उरकून टाकू.”

नोएलियानं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. रुफिनानं रस काढायचं थांबवलं. प्रिस्का सांगू लागली. सकाळची बस. फिदेन्सिओ घोंगडी विसरला म्हणून ती मागं धावली ते. खिडकीतून त्याचा हात बाहेर आला, घोंगडी घेतली आणि काच सरकली ते. टोपीला चिखलाचा वास होता ते. सगळं एका सुरात, दमलेल्या माणसासारखं.

“आणि त्याला नदीनं नेलं…” तिचे ओठ हलत राहिले. “म्हणे.”

“आलं बघ,” नोएलिया हळूच म्हणाली.

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर ‘नदीनं’च्या पुढे शब्दच फुटेना. डाव पातेल्यात उभा राहिला.

“नाही गं जमत,” ती म्हणाली. “ते काढलं की मीच त्याला ढकलल्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाची घे गोष्ट. त्या टोप्या विणणाऱ्या म्हाताऱ्याची घे.”

“तिला जमायचं न्हाई,” कासिमिरा म्हणाली. पाटावरून तिनं मान वर केली नव्हती. “म्हणूनच माझ्या लेकराला पान न्हाई घरात. सगळ्यांचे मेलेले नोव्हेंबरात सर्वसंतांच्या दिवशी दुपारी येत्यात, जेवत्यात, जात्यात. माझा दारात उभा ऱ्हातो. कारण ही म्हणती, मेला कुठं? म्हणे मेला.”

“आई, बाजारात नको.”

“मग कुठं? घरी तू बोलतीस व्हय? दर साली मी म्हणते मेलेल्याचा पाव करू, दर साली तू म्हणतीस थांबू. किती थांबायचं? माझे गुडघे गेले, डोळे चाललेत. मी गेल्यावर त्याच्या नावाचा पाव कोण मांडंल? तू? म्हणे म्हणे करीत?”

 प्रिस्काला राग आला असता तर बरं झालं असतं; तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

म्हातारी उठली. पिठाचे हात पोटावरच्या फडक्याला पुसले आणि फोनसमोर अशी वाकली जणू त्यात कुणी बसलंय. “त्या परदेशी बाईला सांग. कोण म्हणतं इचारतीया न्हवं? मी म्हणते. त्याची आय. मी बी बघितलं न्हाई. पर मी म्हणते. नदीनं नेला माझा पोरगा.” मग प्रिस्काकडे न बघताच म्हणाली, “घे. आता माझ्या नावावर सांग. पाप लागलं तर मला लागू दे.”

रुफिनानं छातीवर क्रूसाची खूण केली. नोएलियाचा हात फोनकडे गेला, पण तिनं तो बंद केला नाही.

प्रिस्का फोनकडे वाकली. आवाज तोच, दमलेला.

“त्याला नदीनं नेलं. असं त्याची आई म्हणते.”

मग तिनं डाव्या हातानं डोळे पुसले, आणि उजव्यानंही. तेव्हा वास आला.

“धरली गं, धरली!” रुफिना ओरडली.

“धरू दे,” प्रिस्का म्हणाली. तरी घाईनं तिनं वरची आपी डावानं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढली, बुडाला धक्का न लावता. थोडी वाचली. तिनं चाखून पाहिली, तोंड वाकडं केलं, एक पेला भरून नोएलियापुढे सरकवला. “ही पी. ह्याला तूच कारण. पैसे देऊ नकोस.”

“आज संध्याकाळी पीठ जास्त आणू का?” प्रिस्कानं मग सासूला विचारलं. नजर पातेल्यातच.

“आण. माणसाच्या आकाराचा पाव एकच कर. पिठाची शिडी मात्र लांब कर, तिच्यावरनं उतरून त्याला लांबून यायचंय.”

“लांब केली की भट्टीत मोडते, आई.”

“मग दोन कर. जोडू.”

“बघू,” प्रिस्का म्हणाली. तिनं जळकं पातेलं नळाखाली ओढलं, मूठभर वाळू टाकली आणि बूड घासायला बसली.