पेरणाऱ्याचं गाणं आणि बबनरावांचं सोयाबीन

"तुमी गाणं लिहिलं का माझा पंचनामा केला?" बबनराव फोनवर ओरडून राहिले होते.

मी हिंगोलीत छोटा स्टुडिओ चालवतो. लग्नाची, निवडणुकीची, दुकानांची गाणी लिहितो आणि रेकॉर्ड करतो. बबनरावांचं सेनगावात बियाण्याचं दुकान आहे. पेरणीच्या तोंडावर त्यांना जिंगल हवी होती, म्हणजे जाहिरातीचं छोटंसं गाणं. मी दिलं पावणेचार मिनिटांचं.

झालं असं, की त्याच आठवड्यात कळमनुरीकडचे एक पास्टर माझ्याकडे भक्तिगीतं रेकॉर्ड करून गेले होते. त्यांत मेंढपाळ, द्राक्षवेल, मीठ, दिवा असं बायबलमधलं सगळं. मला भावला तो येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला. काही बी वाटेवर पडतं, पाखरं खातात. काही खडकावर पडतं, उगवून करपतं. काही काट्यांत घुसमटतं. उरलेलं चांगल्या जमिनीत पडतं आणि शंभरपट पीक देतं. बियाण्याच्या दुकानाला याहून चांगलं काय मिळणार? एका बैठकीत चार कडवी झाली. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना.

एकच गोष्ट विसरलो. हे गाणं कुणी खुर्चीत बसून ऐकणार नव्हतं. ते भोंग्याच्या जीपवर वाजणार होतं. जीप पुढे जात राहते, एका घराच्या वाट्याला एकच कडवं येतं. आणि माझ्या चारपैकी तीन कडव्यांत बी मरतं.

"पुसेगावचे लोक बुकिंग मोडायला आलेत," बबनराव म्हणाले. "दुकानदारच भोंग्यावर सांगून राहिला म्हणतात, की उगवत न्हाई. पेरणी आठ दिवसांवर आली. ह्या सोयाबीनच्या बॅगा काय भाजून खाऊ?"

"त्यांना चौथं कडवं ऐकवा ना."

"ऐकवलं. आता शंभरपट लेखी मागून राहिलेत!"

मी मोटारसायकल काढली. जीपचे ड्रायव्हर सलीमभाई फोन उचलेनात. उचलतील कसे? त्यांच्या डोक्यावर माझंच गाणं बोंबलत होतं. पुसेगावात जीप सापडली, भोवती ही गर्दी.

"सलीमभाई, बंद करा!"

"काहेको? अच्छा तो है. हर बार रोना आता मेरेकू."

एक आजोबा पुढे आले. "कवी तुमीच का?"

"व्हय."

"तुमचा माणूस वाटेवर बी फेकून राहिला. त्याच्याकडं तिफण न्हाई का पेरायला?"

"बाबा, तो बायबलमधला दाखला आहे."

"असंल. पण बॅग कोणत्या दुकानाची होती?"

लोक हसले. मी घामाघूम. शेवटी पास्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ते शांतपणे म्हणाले, "दादा, त्या दाखल्यात बी चांगलंच आहे. जमीन म्हणजे ऐकणारा माणूस. खोट असली तर त्याच्यात."

आजोबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे खडक आमीच का?"

मी फोन कापला.

"गाणं राहू द्या," आजोबा म्हणाले. "बबनरावांच्या बॅगेतले शंभर दाणे काढा."

ही आमच्याकडची साधी तपासणी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि मोड आले की मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चालतं. बबनरावांनी ते गोणपाट दुकानातच ठेवलं. मी रोज हिंगोलीहून सेनगावला जाऊ लागलो. स्टुडिओत बसवत नव्हतं. तिथे गेलो की दर दहा मिनिटांनी गोणपाटाचा कोपरा उचलायचो.

"हात लावू नका हो!" बबनराव डाफरायचे. "एकदा तुमी हात लावला त्याची तकलीफ भोगूनच राहिलो."

सहाव्या दिवशी आजोबा गावातल्या चौघांना घेऊन आले आणि स्वतः मोजायला बसले. पन्नासनंतर त्यांचा वेग मंदावला. साठ. अडुसष्ट. मग ते चष्मा पुसत बसले. बबनराव खुर्ची धरून उभे होते, मी बबनरावांना.

"बहात्तर," आजोबा म्हणाले. "दोन दाण्यांनी वाचलात, बबनराव. माझ्या चार बॅगा जीपमध्ये टाका."

बुकिंग टिकलं. गाणं मात्र त्याच दिवशी भोंग्यावरून उतरवलं. जीपवर आता सलीमभाईंच्या आवाजात एकच वाक्य वाजतं: "या, दाणे मोजा, मग बॅग न्या." कुठूनही ऐका, पूर्ण कळतं. ते मी लिहिलेलं नाही.

हल्ली कुणी जिंगल मागितली, की मी आधी विचारतो, वाजणार कुठे? भोंग्यावर म्हटलं, की सगळे मोठे ग्रंथ कपाटात ठेवतो आणि फक्त दुकानाचं नाव आणि पत्ता लिहितो.