बावीस वल्ह्यांची भिंत

खिळेमामा जेवले असतील का, हा प्रश्न तिच्या डोक्यातून काही केल्या जाईना. खरं तर त्यांच्या जेवणाची काळजी वाहायला घरी मामी होत्या, चांगल्या खमक्या. पण काल भाजीच्या दुकानात मामीच भेटल्या.

"ताटावर बसतात, दोन घास चिवडतात नि उठतात," त्या म्हणाल्या. "रविवार जवळ आलाय ना! आणि माझ्या स्वयंपाकघरात आता पळीला खिळा, झाऱ्याला खिळा. झारा घासायला घेतला तरी विचारतात, भिंतीवरचा कुठे गेला?"

मामी हसल्या. तिलाही हसावं लागलं.

रविवारी शहराबाहेरच्या पाणथळीत वल्हवण्याचा कार्यक्रम होता. दरवर्षी लोक तिथे होड्या वल्हवत, प्रत्येक फेरीमागे शेजारीपाजारी, नातेवाईक वर्गणी देत, आणि त्यातून जलपर्णी काढण्याचा नि पक्षी पाहायच्या मचाणाच्या डागडुजीचा खर्च निघे. गेली एकोणीस वर्षं या कार्यक्रमाच्या दिवशी होड्यांच्या शेडच्या दारात खिळेमामा उभे असायचे. या वर्षी ते नसणार होते, आणि ते तिच्यामुळे.

मामा मूळचे सुतार. दारं-खिडक्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलं, उजव्या हाताची करंगळीही तिथेच करवतीखाली गेली. त्या कारखान्यात प्रत्येक हत्याराला भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याखाली त्या हत्याराची आकृती रंगवलेली होती. संध्याकाळी एकही आकृती उघडी दिसली नाही की दिवे बंद. निवृत्तीनंतर तीच शिस्त मामांनी शेडमध्ये आणली. बावीस वल्ही, बावीस खिळे. पाण्यावरून परतलेल्या माणसाने आपलं वल्हं मामांच्याच हातात द्यायचं. ते आधी तोंड बघणार, मग वल्हं टांगणार. हा कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर, पण त्यांनाही सूट नव्हती. "डॉक्टर, नमस्कार राहू द्या, आधी वल्हं."

कुणी चिडवलंच, की मामांचं उत्तर तयार असे. "मला पोहता येत नाही, म्हणून तर मोजतो."

तिची धाकटी लेक पंधरा वर्षांची झाली नि वल्हवायला जाऊ लागली, तेव्हा तीही चहापाण्याची जबाबदारी मागून घेऊन संस्थेत शिरली. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तिने लेकीच्या पिशवीत दोन शिट्ट्या, तीन टॉवेल आणि मोज्यांचे चार जोड भरले होते. मामांनी पिशवी हातात तोलून पाहिली. "ताई, पोरगी तळ्यात चाललीय, सासरी नाही." तेव्हापासून तिला थोडं हलकं वाटू लागलं. तळं तेवढंच खोल होतं, पण दारात मामा होते.

आणि गेल्या वर्षीचा तो दिवस. दुपारी वारा सुटला, होड्या घाईने परतू लागल्या. इकडे चहाच्या टेबलावरच्या तंबूचा दोर सुटला आणि कापड फडफडायला लागलं.

"मामा, जरा इकडे या हो!"

"ताई, होड्या येतायत."

"दोनच मिनिटं! गाठ तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

मामांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आले. गाठ मारून परत जाईपर्यंत सहा-सात जण आपापली वल्ही टांगून मोकळे झाले होते. त्यात धाकटीची मैत्रीण होती. धाकटी मचाणावर उतरली होती, बदकाची पिल्लं बघायला. "मी पायवाटेने येते," असं सांगून तिने रिकामी होडी मैत्रिणीच्या होडीला बांधली नि वल्हं तिच्याकडे दिलं. मैत्रिणीने दोन्ही वल्ही टांगली. मामांनी भिंत पाहिली. बावीसच्या बावीस. "आले सगळे," ते म्हणाले.

पायवाट पाण्याखाली गेलेली होती. लेक दिसत नाही म्हटल्यावर ती चहा तसाच टाकून काठाकडे धावली. पाऊण तास हाका, शिट्ट्या, रडारड. शेवटी पोहता न येणारे मामाच होडी घेऊन लव्हाळ्यात घुसले आणि धाकटीला घेऊन आले. पोरीचे फक्त बूट भिजले होते. आणि हिने, लेकीला मिठीत घेऊन, सगळ्यांसमोर मामांना सुनावलं, "भिंती कसल्या मोजता? माणसं मोजा ना!"

'तुम्हीच बोलावलंत' हे दोन शब्द मामांनी उच्चारले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आठवड्याने बैठक झाली. "आता वयही झालंय त्यांचं," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून यादीवर सह्या घेऊ. कुणाला काही सांगायचंय?" ती कपांत चहा ओतत होती. ती ओतत राहिली. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी मामांनी शेडची किल्ली पाकिटात घालून पाठवून दिली.

आज दुपारी धाकटी सरावाहून आली आणि बूट न काढताच म्हणाली, "मामा का येत नाहीत गं? चूक तर माझी होती."

"तुझी नव्हती."

"मग त्यांची?"

तिने ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. मामांच्या घरी जाऊन माफी मागावी, असं वर्षभरात तिच्या मनात दहादा आलं होतं. पण मामांना सांगण्यासारखं नवीन काय होतं? त्यांना सगळं माहीतच होतं. माहीत नव्हतं ते बाकीच्यांना. तिथे तोंड उघडायचं म्हणजे चार लोकांत आपली शोभा करून घेणं, आणि तेवढं टाळण्यापायी तिने चौऱ्याहत्तरीच्या माणसाला एक वर्ष घरात बसवून ठेवलं होतं. ते वर्ष आता कुणालाच परत आणता येणार नव्हतं.

चार वाजले होते. या वेळेला दवाखान्यात गर्दी नसते.

"कुणाला फोन लावतेयस?" धाकटीने विचारलं.

"डॉक्टरांना. आणि तू इथेच बस. मी काय सांगते ते तुलाही ऐकायला हवं."