काळ्या मॉलीचं बाळंतपण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकींना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि मी तर अशी बाई, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही! ही एकच गोष्ट कशी कोण जाणे, टिकली. हसाल तुम्ही. हसा खुशाल, मलाही सांगताना हसू येतंच आहे.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जळगावात आमचं बिऱ्हाड. यांचा जिवलग दोस्त सुकलालभाऊ, धुळ्याचा. शाळेपासून दोघे एका ताटात जेवलेले. त्याला माशांचं भारी वेड. एकदा दुधाच्या बरणीत काळ्याभोर मॉली माशांची जोडी घेऊन आला — चाळीसगावला गाडी बदलून, बरणी मांडीवर धरून! म्हणाला, "वहिनी, ही अंडी घालत नाही, जित्ती पिल्लंच देते. आन् पोटुशी शे बरं!"

यांनी लोखंडी चौकटीत काचा बसवून टाकी करून घेतली. मेहरूण तलावातलं पाणगवत आणून सोडलं. मला ताकीद — नवी टाकी आहे, पाणी गढूळ दिसलं तरी बदलायचं नाही, गवताला हात लावायचा नाही. आता सांगा, मी घासलेल्या तांब्यात तोंड दिसायचं, आणि समोरच्या खोलीत हे गढूळ पाणी मांडून बसायचं? जीव नुसता तळमळायचा.

त्यात उन्हाळा तापला आणि भाऊच्या घरचे सगळे मासे गेले. दिलेली जोडी परत मागेल तो भाऊ कसला! "पिल्लं झाली की दोन मला द्या," एवढाच निरोप.

आणि झाली हो पिल्लं! चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी. हे कामावर गेलेले. गवतात काळे काळे ठिपके हलताना दिसले — मी तर टाळ्याच वाजवल्या. मग वाटलं, दुपारी बायका येणार, त्यांना या गिचमिडीत काय दिसणार? काढलं सगळं गवत. बादलीत टाकलं. काच लख्ख पुसली आणि कैरीची डाळ वाटायला बसले.

परत आले तर — एक पिल्लू नाही. खाल्ली. आईबापांनीच! बापाच्या तोंडातून एक शेपटी लोंबत होती. गवत लपायला असतं, हे मला तेव्हा कळलं. मुकाट्याने ते परत आत सोडलं.

संध्याकाळी यांनी विचारलं, "झाली का गं?" मी म्हटलं, "छे, कुठे?" मग मॉलीचं पोट कसं उतरलं, असं यांनी विचारलं, तर — "वात धरला असेल, गेला." माशाला वात! पण यांनी मान डोलावली हो.

पुढच्या रविवारी भाऊ आला. टाकीत वाकून बघितलं आणि चेहराच बदलला. यांना म्हणाला, "नाना, हाई व्यायनी शे. बठ्ठा पिल्ले कोठे गयात?" हे म्हणाले, कुठली सगळी पिल्लं, वात होता तो. भाऊ हसला, मग हसायचा थांबला. द्यायची नसतील तर तसं सांग, म्हणाला. हे उसळले — मला खोटारडा म्हणतोस, माझ्या घरात? आवाज चढत गेले. मी दारात चहा घेऊन उभी. एक वाक्य पुरलं असतं. यांची भीती होती का? अहो, हे रागावलेसुद्धा नसते, पोट धरून हसले असते. मला फक्त चांगली बायको म्हणवून घ्यायचं होतं. भाऊ चहा न घेता गेला. तो पुन्हा आमच्या दारात आला नाही.

महिन्याभराने मॉली पुन्हा व्याली. या खेपेला मी गवताला बोट लावलं नाही. उलट जास्तीचं आणवलं. पिल्लं जगली, मोठी झाली. हे नाचायचे बाकी राहिले होते. म्हणाले, "बघ, ही पहिली वेळ! सुकलाल खोटा होता. आणि तुझ्या हाताला गुण आहे बाई." मी लाजले. खरंच लाजले, हो!

मग गल्लीभर पिल्लं वाटली. ज्याने मागितली त्याला, न मागणाऱ्यालाही. बरण्या मी भरल्या, फडकी मी बांधली. धुळ्याला एकही पाठवलं नाही.